एका चुलीवरची माणसं

आकडे उलटे आले होते. जानेतने सगळं पुन्हा चालवून पाहिलं, पाहणीत चुकून दोनदा भरलेली घरं काढून टाकली, तरी निष्कर्ष हलेना. ज्या घरातलं कुणी न्यूयॉर्कला गेलं आहे, त्या घरात माणशी खाण्यावरचा आणि औषधपाण्यावरचा खर्च शेजारच्या, कुणीच न गेलेल्या घरांपेक्षाही कमी दिसत होता.

तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक सेर्रानो सर, त्यांनी तक्ता डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“म्हणजे गेलेली माणसं फुकटच गेली म्हणायची,” ते म्हणाले. “दर महिन्याला तिकडून पैसे येतात आणि पोरांच्या ताटात काहीच वाढत नाही? मला पटत नाही. तुला पटतं?”

“नाही,” जानेत म्हणाली.

“मग माणसं तरी लपवताहेत, नाहीतर तू तरी चुकली आहेस. आधी स्वतःला तपास. त्या घरांपैकी काहींमध्ये परत जाऊन ये.”

कुएन्का शहरातून ग्वालासेओ गावाला जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. डोक्यात सरांचा ‘फुकट’ हाच शब्द घोळत होता. तिची आई, नूबे, क्वीन्समधल्या एका धोबीखान्यात काम करत होती. ती गेली तेव्हा जानेत अकरा वर्षांची होती. आईकडे कागद नव्हते. त्या देशातून एकदा बाहेर पडली तर पुन्हा आत जाता येणार नव्हतं, म्हणून ती बाहेर पडतच नव्हती. दर रविवारी फोन यायचा. जानेतने प्रबंधाचा विषय सांगितल्यापासून त्या फोनवर पहिला प्रश्न एकच असे: “निघालं का गं तुझं उत्तर?” रक्त तपासायला दिलेल्या माणसाने रिपोर्टची चौकशी करावी, तसा तो आवाज असायचा. आपण गेलो ते बरं केलं का, असं आईने कधी विचारलं नव्हतं. जानेतने विषय निवडला होता तो मात्र तेवढ्यासाठीच.

रोसा एल्विराबाईंचं घर गावाबाहेरच्या चढावर होतं. जानेत पोचली तेव्हा बाई ओसरीवर पुठ्ठ्याची पेटी भरत होत्या. भाजलेला कुई, म्हणजे घरी पाळलेला गिनिपिग, चंदेरी कागदात गुंडाळलेला, शेजारी उकडलेल्या टपोऱ्या मक्याची, मोतेची पिशवी आणि घरचं चीज.

“आलीस का परत? मागच्या वेळी एवढं विचारलंस, अजून काही उरलंय?”

“थोडंच, बाई. तुम्ही घरात सहा माणसं सांगितली होती. नावं सांगाल?”

“मी, आमचे हे, सून, दोन नातवंडं आणि विल्सन.”

“विल्सन कुठाय?”

“कामावर.”

“किती वाजता येतो?”

बाईंच्या हातातली चिकटपट्टी थांबली. “अगं, तो न्यूयॉर्कला असतो. किती वाजता येतो काय विचारतेस! मला कळलं असतं तर मीच दाराशी बसले नसते का?”

“पण बाई, मी घरातली माणसं विचारली होती.”

“काही नाही. तू विचारलंस, या चुलीवर कोण कोण जेवतं? माझ्या चांगलं लक्षात आहे. मागच्या शुक्रवारी इथून कुई गेला, रविवारी त्याने खाल्ला. फोनवर हाडं चोखताना ऐकलंय मी. मग माझा पोरगा कुणाच्या चुलीवर जेवतो? तुझ्या विद्यापीठाच्या?”

सून आतून हसली. जानेतलाही हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर यायच्या आत तिला आपली चूक दिसली.

सरकारी नमुन्यातला प्रश्न ‘या निवासस्थानी सामान्यतः वास्तव्य करणाऱ्या व्यक्ती’ असा होता. तो गावातल्या बायकांना कोरडा वाटेल म्हणून तिनेच बदलला होता. ‘या चुलीवर कोण कोण जेवतं?’ हा प्रश्न सुचला तेव्हा तिला तो फार आवडलाही होता. गावात दर आठवड्याला न्यूयॉर्कला पेट्या पाठवणारी दुकानं आहेत आणि त्यांच्यासमोर रांग लागते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मावशीबरोबर ती स्वतः त्या रांगेत उभी राहत आली होती. तरी तिच्या ध्यानात आलं नाही. ज्या ज्या घरातलं कुणी गेलं होतं, त्या घराने त्या माणसाला मोजलं होतं. एकूण खर्च बरोबर होता, पण तो एका जास्तीच्या तोंडाने भागला जात होता.

पुढचा आठवडा फोन करण्यात गेला. आता ती सरळ विचारत होती, “या घरात कोण कोण झोपतं?” काही बायकांनी पटकन सांगितलं. काहींनी मध्येच थांबून “म्हणजे माझ्या नवऱ्याला धरायचं नाही?” असं विचारलं. एकीने फोन आपटला. पेटीत जाणाऱ्या अन्नाचा खर्चही विचारून तिने वजा केला, कारण ते इथल्या ताटात पडत नव्हतं. आकडे हळूहळू सरळ होऊ लागले. गेलेल्यांच्या घरी माणशी दूध जास्त, अंडी जास्त, औषधपाण्यावरचा खर्च तर बराच जास्त. फक्त प्रत्येक घरातून एकेक नाव काढावं लागत होतं. एखाद्याचं जाणं कामी आलं असं दाखवायचं, तर तो घरात नाही हे आधी लिहावं लागत होतं.

शेवटी एकच घर राहिलं. पाहणीसाठी घरांची निवड चिठ्ठ्या टाकून केली होती आणि तिची स्वतःची गल्लीही निघाली होती. आपल्या घरी आपण विचारायचं नाही, म्हणून तिथे तिची मैत्रीण गेली होती. क्लेमेन्सिया मावशीने तिला तीन माणसं सांगितली होती.

मावशी चुलीमागच्या खुराड्यातल्या कुईंना गवत टाकत होती.

“मावशी, आपल्या घरात कोण कोण झोपतं?”

“तुला माहीत नाही?”

“तुझ्या तोंडून हवं.”

मावशीने हातातलं गवत एकदम सगळं टाकलं. “तिची गादी मी दर महिन्याला उन्हात घालते. ती कुणासाठी?”

“त्यावर कुणी झोपतं का, एवढंच.”

“लिही मग दोन. तुझ्या सरांना हवं ते लिही. सख्खी लेक आईला घरातून काढतेय, त्यात मी कोण बोलणार!”

“मी काढत नाहीये गं.”

“मग काय करतेस?”

“भागाकार,” जानेत म्हणाली, आणि तिचा आवाज नको तिथे फुटला. मावशीने पदरासारखी खांद्यावरून घेतलेली शाल सारखी केली आणि पडलेलं गवत वेगळं करत बसली.

रविवारी फोन वाजला. मागे यंत्रांची घरघर होती.

“निघालं का गं उत्तर?”

“निघालं, आई.”

पलीकडे ती बहुधा यंत्रांपासून लांब गेली. घरघर कमी झाली. “सांग.”

“ज्या घरातलं माणूस तिकडे असतं, त्या घरातली मुलं जास्त चांगलं जेवतात. आजारपणात त्यांच्यावर खर्चही जास्त होतो. बराच जास्त.”

“खरं सांगतेस? का मला बरं वाटावं म्हणून?”

“सरांनीही तपासलं. मी दोनदा तपासलं.”

आई हसली. तोंड फोनपासून बाजूला करून कुणाला तरी म्हणाली, “माझ्या पोरीने शोधून काढलंय, ऐकलंस का?” मग पुन्हा फोनवर आली. “आणि क्लेमेन्सियाने काय सांगितलं? आपण किती जण?”

तीन म्हणायला काहीच लागलं नसतं. आई काही प्रबंध वाचणार नव्हती.

“दोन,” जानेत म्हणाली.

यंत्रांची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली. आई परत आत गेली असावी.

“हो, दोनच,” ती म्हणाली. “बरोबर लिहिलंस. चुकीचं लिहिलं असतंस तर मघाचं उत्तरही खोटं ठरलं असतं ना?”

“हो.”

“मग झालं तर.” तिने विषय बदलला. “कुई पोचला. पण या खेपेला कातडी कुरकुरीत नव्हती. क्लेमेन्सियाला सांग, जरा जास्त भाजत जा.”

“स्वतः येऊन भाज म्हणावं!” जानेतने निरोप सांगताच मावशी आतून ओरडली. ती दर वेळी हेच ओरडायची, आणि दर वेळी तिघी हसायच्या. आज आई थोडी उशिरा हसली.

फोन ठेवून जानेत स्वयंपाकघरात आली. मावशीने उद्याच्या मोतेसाठी मका भिजत घातला होता. पातेलं नेहमीचंच, मकाही नेहमीएवढाच, तिघींपुरता. जानेतने त्याकडे पाहिलं. ती खुराड्याशी जाऊन वाकली, आणि शुक्रवारच्या पेटीसाठी त्यातला कुठला कुई चांगला भरलाय ते हाताने चाचपून पाहू लागली.