ओकच्या पेटीवरची पंखवाली पोरं

मी ओकच्या लाकडाची पेटी बोलतेय. माझ्या अंगभर वेली, फुलदाण्या आणि पंखवाली गुबगुबीत पोरं कोरलेली आहेत.

पाचेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने राजवाडा सजवायला इटलीहून कारागीर बोलावले. तोवर लंडनचे सुतार पेट्यांवर चर्चसारख्या टोकदार कमानी कोरत. त्यांच्यातला थॉमस या परक्यांच्या हाताखाली राबला, त्यांची नक्षी पाहून खुळावला आणि घरी येऊन त्याने ती माझ्यावर कोरली. इटलीची द्राक्षं त्याने कधी पाहिली नव्हती, म्हणून वेलीला ओकची फळं टांगली. शेजारी पोट धरून हसले. पुढे त्यांनीच तशा पेट्या करून मागितल्या!

खूप वर्षांनी एका साहेबाबरोबर मी मुंबईला आले. तो गेला, मी राहिले. गिरगावच्या विजयकरांनी मला लिलावात घेतलं आणि माझ्यात शालू ठेवले.

त्यांची नलू चित्रकला शिकत होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य होणार हे पक्कं झालं, तेव्हा नाक्यावर उभारायच्या स्वागतकमानीचं चित्र काढायचं काम तिच्याकडे आलं. तिने माझ्यासमोर बसून पोरं कागदावर उतरवली. ती पाहून समितीचे अच्युतराव भडकले. राज्यासाठीच्या चळवळीत लाठी बसल्यापासून त्यांचा डावा हात सरळ होत नसे.

"नलू, यासाठी मार खाल्ला आम्ही? इंग्रजांची पोरं कमानीवर?"

"काका, ती इटलीहून इंग्लंडला गेलीत."

"मग आपलं काय आहे यात?"

  नलूने कागदावरची वेल पुसली आणि आंब्याचे घोस काढले. मग पोरांना फेटे बांधले, एकाच्या हाती लेझीम दिलं, दुसऱ्याच्या तोंडाला तुतारी.

लालबागचा धोंडू सुतार लाकूड कापायला बसला आणि आपल्या कोकणी बोलीत नलूला विचारू लागला, "चेडवा, पंख ठेवूचे की काढूचे?"

नलूने भीत भीत अच्युतरावांकडे पाहिलं.

"ठेवा हो," ते म्हणाले. "एवढ्या लांबून आली पोरं, ती काय चालत?"

एक मेला कमानीखाली ही गर्दी! अच्युतराव येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "तो तुतारीवाला आहे ना, तो आमचा!"

आता नलूबाई मुलांना चित्रकला शिकवतात. मुलं माझ्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि नक्षी घरी नेतात. इतके लोक घेऊन गेले, पण माझं एक पानही कमी झालं नाही. तुम्हीही या, हवं ते न्या. फक्त झाकणावर चहाचा कप तेवढा ठेवू नका!