लेकीच्या नावाची कॉफीची गाडी

सेटवर कॉफीची गाडी येणं हा आमच्या धंद्यातला खरा मान. चाहते किंवा घरचे ती पाठवतात, गाडीवर नटाच्या फोटोचा फलक असतो, आणि सगळं युनिट फुकटची कॉफी पिताना त्याचं नाव घेतं. जन्मभर आयांच्या भूमिका करत मी इतरांच्या गाड्यांसमोर रांग लावली. गेल्या महिन्यात माझीही आली. फलकावर होतं, 'आई, थंडीत जप. तुझी सो-योन.'

ती मीच मागवली होती. सो-योन व्हँकूवरला असते आणि माझा फोन उचलत नाही.

माझी सध्याची मालिका टीव्ही-मालिका बनवणाऱ्यांवरच आहे आणि तिच्यात मी एक म्हातारी नटी. परवा नव्या भागाची पानं आली. म्हातारी नटी स्वतःच कॉफीची गाडी मागवते, लेकीचं नाव सांगते आणि सगळ्यांसमोर पकडली जाते. पुढे लिहिलं होतं, ती रडते.

लेखिका योम हे-रिन, तिशीतली पोर. माझ्या गाडीवरची कॉफी तिनेही ढोसली होती. असा संताप आला तिचा. माझं दुखणं चव्हाट्यावर मांडायला हिला कुणी सांगितलं होतं?

पाजू शहरातल्या सेटवर प्रसंग उभा राहिला. गाडीवाल्याची भूमिका करणाऱ्याने बिंग फोडलं, सगळे माझ्याकडे बघू लागले. मला रडू येईना. निर्लज्जासारखी हसले आणि म्हणाले, "मग काय झालं? कॉफी गरम आहे ना?" हे पानांत नव्हतं. दिग्दर्शकाने ते ठेवलं.

हे-रिन माझ्या खुर्चीपाशी येऊन उकिडवी बसली. आता ही विचारणार, म्हणून मी नजर चुकवली.

"बाई, मीही अशीच हसले असते," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या मालिकेला आईच्या नावाने मीच गाडी मागवली होती. आई तर मी शाळेत असतानाच गेली. तुमच्या लेकीची गाडी बघून इतका हेवा वाटला, की घरी जाऊन हे लिहूनच काढलं."

खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण निदान एक तरी लेक आईला गाडी पाठवते, एवढं तिच्याजवळ होतं. ते कशाला काढून घेऊ?

"वेडी आहेस," मी म्हणाले. "सो-योनला सांगते. पुढची गाडी तुझ्यासाठी पाठवेल."

ती रडली. पानात लिहिलेलं रडणं शेवटी तिच्याच वाट्याला आलं.

दुसऱ्या दिवशी खऱ्या गाडीवाल्याला फोन करून मजकूर सांगितला, 'हे-रिन, वेळेवर जेवत जा. तुझी सो-योन ताई.' त्याने लिहून घेतला. मग मी सो-योनला फोन लावला, तिच्या नावावर काय चाललंय ते तिला कळावं म्हणून. फोन वाजत राहिला.