गुलाबी ठिपक्याची काच

आमच्या प्रयोगशाळेत मी कापणारा आणि बायको रंगवणारी. लोकांनी मरणानंतर दान केलेल्या मेंदूचे तुकडे मेणात बसवून आले की मी त्यांचे केसाच्या दहाव्या हिश्शाइतके पातळ काप काढायचो, काचेवर चढवायचो आणि तिच्याकडे सरकवायचो. ती ते चांदीच्या द्रावणात बुडवायची. आजारी पेशी त्यात काळ्या पडतात. काच नेमकी कधी बाहेर काढायची हे घड्याळ सांगत नाही, त्याला नजर लागते, आणि तिच्यासारखी नजर आमच्याकडे कुणाचीच नव्हती. चांदीने तिची बोटं कायम काळी असायची म्हणून सगळे तिला काजळी म्हणत. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती बोटं काळीच आहेत.

मी अजून कामावर आहे, ती माझ्याआधी निवृत्त झाली. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी तिने मला तीनदा विचारलं, की लेकीचं विमान किती वाजता येतंय. लेक आदल्या दिवशीच आली होती आणि आतल्या खोलीत झोपली होती.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला सांगायची काही गरज नव्हती. मेंदूच्या पेशीत रुळांसारख्या बारीक नळ्या असतात, त्यांच्यावरून पेशीचा सगळा माल इकडून तिकडे जातो. एक प्रथिन ते रूळ धरून ठेवतं. या आजारात ते प्रथिन सुटतं, रूळ ढासळतात, आणि सुटलेले धागे एकमेकांत गुंतून पेशीच्या आत गाठ बांधतात. शेवटी पेशी मरते आणि गाठ तेवढी मागे राहते. सुरुवात होते ती कानाच्या आत खोलवर, जिथून नव्या आठवणी आत शिरतात त्या चिमुकल्या जागी, आणि बाहेर काही दिसायच्या दहापंधरा वर्षं आधी. म्हणजे या घराचे पडदे निवडताना ती पिवळ्या रंगासाठी माझ्याशी हमरीतुमरीवर आली होती, तेव्हाच बहुधा पहिली गाठ बसली असेल. मी मात्र पिवळा की निळा यावर डोकं पिकवत होतो.

मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवायला लागलो. शेगडीची बटणं दिवसातून दहादा बघायचो. ती अंघोळीला गेली की तिची पर्स उघडून किल्ल्या आहेत ना ते चाचपायचो. सहज विचारल्यासारखं करून आज वार कोणता ते विचारायचो. एकदा ती म्हणाली, की नोकरीवर ठेवायचं असेल तर सरळ मुलाखत घे. लेक फोनवर म्हणायची, बाबा, तुम्ही आईचे मास्तर झालात. खरंच होतं ते. ती एखाद्या शब्दाशी अडली की मी हातातलं काम टाकून वाट बघायचो, आणि तो शब्द तिला सापडला की मी उगाच तिच्यावरच खेकसायचो.

अशात एका शनिवारी सकाळी तिने चहाचा कप खाली ठेवला.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते."

मी म्हटलं, त्यात बघायचं काय, जन्मभर तेच तर बघितलंस. तर म्हणाली, तेव्हा मी रंग बघत होते. रविवारी प्रयोगशाळा रिकामी असते आणि चावी माझ्याकडेच असते. नको नको म्हणत मी कबूल झालो, आणि त्याच दुपारी एकटा तिकडे जाऊन एक लबाडी केली.

रंगवताना प्रत्येक खेपेला दोन ओळखीच्या काचा बरोबर बुडवतात, एक पक्की रोगट आणि एक पक्की निरोगी. त्यावरून रंग नीट लागलाय की नाही ते कळतं. निरोगी काचेच्या कोपऱ्यात नखांच्या गुलाबी पॉलिशचा ठिपका द्यायची पद्धत काजळीनेच पाडली होती. तसली एक काच मी घेतली आणि ठिपका ॲसिटोनने पुसून टाकला. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असायच्याच तशा चारदोन गाठी तिच्यात होत्या. हीच दाखवायची आणि सांगायचं, बघ, तुझ्या टप्प्याला एवढंच असतं.

रविवारी ती सूक्ष्मदर्शकाशी बसली. खुर्ची तिने स्वतःच खाली घेतली, भिंग स्वतःच जुळवलं. हात कुठे अडले नाहीत. अर्धं मिनिट गेलं असेल, डोळा न काढता तिने विचारलं, "ठिपका कुठे गेला?"

मी म्हटलं, कसला ठिपका.

"माझा ठिपका. ही निरोगी आहे. आणि रंगवलीय कुणी? उशिरा काढलीय." तिने काच उचलून उजेडात तिरकी धरली. पुसलेला कोपरा तिला दिसला. "खोटारडा," ती म्हणाली.

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही, आणि तरीही इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता. मी हसत सुटलो. माझं बघून तीही हसली. मग तिने हात पुढे केला, आणि मी कपाटातून रोगट काच काढून तिला दिली.

ती तिने पुष्कळ वेळ बघितली. त्या काचेत पेशीमागून पेशी काळ्या गाठींनी भरलेली आहे, आणि कित्येक ठिकाणी तर पेशी केव्हाच गेलीय, नुसती गाठ आहे. तिने विचारलं, माझं इथवर आलंय का. मी म्हटलं, अजून नाही. कधी येईल, असं विचारलं, तर म्हटलं, माहीत नाही. मला भीती वाटते, असं ती अगदी साधेपणाने म्हणाली. निघताना तिने भिंगाची काच मऊ कागदाने पुसली, इतकी वर्षं पुसायची तशीच.

"एक ठरवू," जिन्यात ती म्हणाली. "जोवर मी तुला पकडू शकते तोवर माझ्याशी खोटं बोलायचं नाही. पकडता येईनासं झालं की मग खुशाल बोल. तेव्हा मला खरं नकोच असेल."

मी हो म्हणून बसलो. पकडता येईनासं झालंय हे खोटं बोलल्याशिवाय कळणार कसं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पुढच्या वर्षी तिची थोरली बहीण गेली. आम्ही दोघंही अंत्यविधीला हजर होतो. आठवड्याने काजळीने विचारलं, ताईचा फोन का नाही आला. मी शब्दाला जागून खरं सांगितलं आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळली. त्या महिन्यात असं चारदा झालं. लेक म्हणाली, बाबा, बास करा, किती छळणार आहात तिला. मी म्हटलं, तिनेच वचन घेतलंय. पण त्यानंतर फोन वाजला की मी धावत जाऊन तो उचलायचो, आता ताईची आठवण निघेल म्हणून. सांगितलं तर तिच्या बहिणीला पुन्हा मारायचं, आणि न सांगावं तर मी शब्द मोडणारा.

शेवटी मागच्या रविवारी मी तिला पुन्हा प्रयोगशाळेत नेलं. रस्ताभर तिने माझी बाही धरली होती. खुर्ची मला खाली घ्यावी लागली, भिंगही मीच जुळवलं. या वेळी मी ठिपका पुसला नव्हता. उलट कपाटातली सगळ्यात मोठ्या ठिपक्याची काच शोधून काढली होती, तिच्याच हातची.

"ही तुझ्यासारख्या आजाराची," मी म्हटलं.

ती बघत राहिली. मी मनात तिची विनवणी करत होतो, की म्हण, एकदा तरी खोटारडा म्हण. तिने डोकं वर केलं, काच काढून हातात घेतली, उलटीसुलटी केली. गुलाबी ठिपका तिच्या अंगठ्याला टेकला होता. त्या बोटांवरचा काळा रंग कधीच निघून गेलाय.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं, फार असेल."

"एवढंच," मी म्हटलं.

तिला हायसं वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. भिंग न पुसताच ती उठली. मऊ कागद घेऊन ते मी पुसलं.

जिन्यात तिने विचारलं, ताईचा फोन का नाही येत. मी म्हटलं, सकाळी आला होता, तू अंघोळीला गेली होतीस, संध्याकाळी परत करते म्हणाली. मग मला हाक नाही का मारायची, असं म्हणून ती माझ्यावर लटकं रागावली आणि खूश होऊन पायऱ्या उतरू लागली. कठडा घट्ट धरून मी तिच्या मागोमाग उतरलो.