एकशेदहा दांड्यांचं गीत

लोहाराने एकवीस वर्षांत चर्चमध्ये एक ओळही गायली नव्हती. तरी उपासनेत त्याच्याइतका घाम गाळणारा माणूस अख्ख्या मंडळीत सापडला नसता. ऑर्गनच्या मागे लाकडी आडोसा होता आणि आडोशामागे भात्याचा दांडा. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी बोटं चालवायची, लोहाराने दांडा वरखाली करून हवा भरायची. हवा थांबली की बाईंची विद्वत्ताही थांबे. लोहाराला गीतांचे शब्द येत नव्हते, पण दांडे तोंडपाठ होते. अर्पणाचं गीत सत्तर दांड्यांचं, आशीर्वादाचं चाळीस आणि ते पापी माणसाचं रडगाणं चांगलं एकशेदहा.

"पापाला हवा फार लागते," असं तो बायकोला सांगे.

शिवाय ऑर्गनची एक नळी गळकी होती. प्रवचन लांबलं की लोहार दांड्यावर नुसता रेलायचा आणि पोट बिघडलेल्या म्हशीसारखा हुंकार निघायचा. पाळकसाहेब दचकून थेट समारोपावर यायचे. हा हुंकार पवित्र आत्म्याचा, अशी मागच्या बाकांची श्रद्धा होती. तो कुणाचा, हे पाळकसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नळी बदलून घेतली, भात्याला विजेची मोटार बसवली आणि दांडा झाडूंच्या खोलीत टाकला.

"आता तुम्ही निवांत बसून उपासना करा," ते लोहाराला म्हणाले.

"मग इतकी वर्षं मी काय करत होतो?"

"सेवा."

"आणि उपासना म्हणजे?"

"सेवा काढून घेतल्यावर जे उरतं ते." आपल्याच वाक्यावर खूश होऊन पाळकसाहेब ते वहीत टिपायला गेले. लोहार मात्र झाडूंच्या खोलीपाशी घुटमळला. आपल्यात काहीच उरलं नाही तर?

रविवारी तो पहिल्यांदाच बायकोशेजारी बाकावर बसला. सगळे बसलेले असताना हा ताडकन उभा राहिला.

"अहो, बसा!"

"तू उठलीस म्हणून उठलो."

"माझा चष्मा पडला होता!"

प्रार्थनेच्या वेळी त्याने डोळे घट्ट मिटले. "प्रभू, मी लोहार. मागचा." पुढे काही सुचेना. एकवीस वर्षांची ओळख, पण बोलणं असं कधी झालंच नव्हतं. प्रवचन तर सत्तर मिनिटं चाललं. हुंकारायला कुणीच नव्हतं.

घरी येऊन तो जेवणाच्या टेबलाशी तोंड पाडून बसला. "तिथं देवाला माझा उपयोग होता गं. इथं मी नुसती जागा अडवतोय."

"मी तीस वर्षं अडवतेय. मला उठवलं का कुणी?"

"कंटाळा नाही येत?"

"येतो की. त्यालाही येत असेल. पण दोघं बसतो."

आठवडाभर ऐरणीवर घाव घालताना लोहार तिचं हेच वाक्य मनात घोळवत राहिला.

पुढच्या रविवारी नेमकं एकशेदहा दांड्यांचं गीत निघालं. लोहाराचा हात आपोआप पुढच्या बाकाच्या पाठीवर वरखाली होऊ लागला. प्रत्येक दांड्याला छातीत हवा भरे आणि ती जायला ऑर्गन नव्हता, म्हणून ती तोंडातूनच बाहेर पडली. बायकोने गीतांची वही पुढे धरली, म्हणून शब्द तरी खरे होते. आवाज थंड लोखंडावर हातोडा पडावा तसा. सुराशी त्याची गाठ पडली नाही, दोन-तीनदा चुकामूक तेवढी झाली. बाईंची बोटं घसरली. पुढच्या बाकावरचे आजोबा, ज्यांना एरवी घंटाही ऐकू येत नसे, वळून बघू लागले. शेवटच्या दांड्यापर्यंत लोहाराचा सदरा भिजला होता आणि डोळेही. "प्रभू," तो बसता बसता पुटपुटला, "मी लोहार. पुढचा." या वेळी पुढे बरंच काही सुचलं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब बगलेत दांडा घेऊन आले.

"लोहारदादा, ती मोटार जरा तापते हो. मला वाटतं, आपला दांडाच बरा होता. पुढच्या रविवारपासून आडोशामागे या परत."

लोहाराने दांड्यावरून हात फिरवला. आठ दिवसांपूर्वी त्याने तो नाचत नेला असता.

"मोटार मी सोमवारी बघून देतो," तो म्हणाला. "रविवारी जमणार नाही."

"का बरं?"

"रविवारी मी गातो."

पाळकसाहेबांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती वही पिशवीत घालत होती.

"गाऊ द्या त्यांना, साहेब," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "पण ती गळकी नळी तेवढी परत बसवा."