छायाने शिकवलेले शॉर्टकट

पंचवटी कारंजाजवळच्या एका दुकानात साधनाताई बरीच वर्षं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करत होत्या. सगळं काम माऊसने. मेनू उघडायचा, शोधायचं, क्लिक करायचं. संध्याकाळी मनगट इतकं ठणकायचं की घरी लाटणं धरवायचं नाही.

दिवाळीनंतर दिंडोरीची छाया कामाला लागली. एक दिवस शेजारून म्हणाली, "ताई, सारखं मेनूत कशाला जाता? गणपतीवर क्लिक करा आणि कंट्रोल डी दाबा."

साधनाताईंनी दाबलं. पानावर दुसरा गणपती आला.

"अगं बाई! मग इतकी वर्षं मी काय करत बसले?" त्या हसल्या, पण कुठेतरी लागलंच. इतक्या वर्षांत कुणीच कसं सांगितलं नाही?

छायाने सांगितलं. रोज डबा खाताना एखादा नवा शॉर्टकट. चुकलं की कंट्रोल झेड, पूर्ण पान बघायचं तर एफ फोर. विसरल्या तर न कंटाळता पुन्हा. हळूहळू साधनाताईंची बोटं न बघता कीबोर्डवर पळायला लागली.

ऐन लग्नसराईत काम दुपारीच उरकतंय, हे मालक संतोषशेठच्या लक्षात आलं. ते दोघींच्या मागे येऊन उभे राहिले. "साधनाताईंचा हात मस्त बसलाय. आता एका माणसात भागेल. छाया, पुढच्या महिन्यापासून तू नको येऊस."

छायाने साधनाताईंकडे पाहिलं. "एकटीला नाही जमणार शेठ," एवढंच साधनाताईंना म्हणायचं होतं. पण मग शेठ दोघींपैकी कुणाला ठेवतील, याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

आता दोघींचं काम त्या एकट्या करतात. डबा बऱ्याचदा तसाच घरी जातो.

परवा सीबीएस बसस्टँडवर छाया दिसली. तिला दुसरीकडे काम मिळालं होतं. साधनाताई घाईघाईने म्हणाल्या, "तू शिकवलेलं रोज उपयोगी पडतं गं."

"पडणारच," छाया म्हणाली. "तिथेपण एक ताई आहेत. सगळं माऊसने करतात. विचारत असतात, तुला एवढं पटापट कसं जमतं."

"मग? शिकवलंस ना?"

"नाही. त्या बघायला लागल्या की मी कीबोर्ड पुढे ओढून घेते."

दिंडोरीची बस लागली. छाया पर्स सावरत गर्दीत शिरली. तिला हात करायचाही साधनाताईंना धीर झाला नाही.