पदरातल्या ग्रिपा

“बंद कर! पहिले बंद कर! जळन ना वं मोटर!”

मंदाबाई बाजेवरून ओरडल्या, तशी त्यांची सून आचलने धावत जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं. विहिरीच्या काठावरची मोटर नुसतीच हुंकारत होती, फिरत नव्हती. मंदाबाईंना उठून बघायची गरजच नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा डोळ्यांवर होता, पण कान शाबूत होते. तीनपैकी एक फेज वाटेत कुठेतरी तुटला होता.

त्या भिंतीच्या आधाराने छपरीतल्या बोर्डापाशी गेल्या. मेन स्विच पाडला, फ्यूजच्या चिनी मातीच्या तिन्ही ग्रिपा उपसल्या आणि पदराच्या टोकात घट्ट बांधल्या. बाकीच्या घरांत सासूच्या कमरेला किल्ल्या असतात. या घरात ही गाठ होती.

त्यालाही कारण होतं. विहिरीवर नवीनच लाइन आली तेव्हा मंदाबाई एकदा वायर जोडत बसल्या होत्या. बंडूजी शेतातून आले, आंघोळीला पाणी हवं म्हणून त्यांनी खुशाल मेन चढवला. बायकोने नुकताच वायरवरून हात काढला होता, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून बंडूजींनी करंटाचा असा धसका घेतला, की आजही पंखा लावायला ते सुनेला हाक मारतात. आणि त्या दिवसापासून या घरात नेम झाला, विहिरीवर जो काम करेल, ग्रिपा त्याच्याजवळ, म्हणजे मागून कोणी मेन चढवला तरी करंट येणार नाही. वायरिंगचं सगळं मंदाबाई बघू लागल्या. आधी गाव हसलं. मग हळूहळू तेच गाव, “काकू, आमची मोटर पाहून द्या ना,” म्हणत दारात येऊ लागलं. रोहणा गावात हे एकच घर असेल, जिथे मेकॅनिकने कधी पाय ठेवला नव्हता.

तेवढ्यात वर्ध्याहून मुलाचा, धर्मेंद्रचा फोन आला. घरात पाणी नाही हे बापाने त्याला आधीच कळवून टाकलं होतं.

“आई, तू वाकू नको, डॉक्टरनं सांगतलं हाये. आर्वीहून मेकॅनिक पाठवतो.”

मंदाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. आयुष्यभर सांभाळलेली इभ्रत एका डोळ्यापायी जाणार होती.

“थांब जरासा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“मी पाहू काय, आई?” आचलने विचारलं.

“तुले काय समजते त्यातलं?”

“मंग इतके दिवस टेप आन पकड धरून कोन उभं राह्यलं तुमच्याजवळ?”

“जा मंग. ग्रिपा हायेत माह्यापाशी.”

आचल जागची हलली नाही. “ग्रिपा द्या आधी.”

“काऊन? सासूवर भरोसा नाई?”

“भरोसा हाये. पन जो विहिरीवर, त्याच्यापाशी ग्रिपा. तुमचाच नेम हाये.”

“घे!” बंडूजी कोपऱ्यातून म्हणाले. “भेटली तुले तुह्यासारखीच.”

मंदाबाईंना राग आला, आणि रागाच्या पोटात आनंदही झाला. वायरीला हात लावण्याआधी जिला ग्रिपा आठवतात, तिला बाकीचं शिकवता येतं. त्यांनी गाठ सोडली. आचलने ग्रिपा ओढणीत बांधल्या आणि ती विहिरीकडे गेली.

परत आली तेव्हा तिच्या हाताला काजळी होती आणि मुठीत काहीतरी झाकलेलं होतं.

“झालं, आई. नवा जोड देला. उंदरानं कुरतडली होती वायर.”

“आन इकडे तो तुकडा.”

“फेकते ना मी तिकडे...”

“आन म्हनते ना!”

आचलने जळका तुकडा नाइलाजाने त्यांच्या तळहातावर ठेवला. मंदाबाईंनी तो बोटांनी चाचपला. तार सैल पिळलेली होती, म्हणून तापून जळली होती. वरच्या टेपचे वेढे उलट्या बाजूने होते. आख्ख्या घरात डावखुऱ्या त्या एकट्याच. ऑपरेशनच्या आधी, डोळ्यांपुढे सगळं धूसर असताना, कोणाला न सांगता त्यांनी हा जोड मारला होता.

“उंदीर डावखुरा होता वाटते?”

बंडूजी हसायला लागले. आचलचा चेहरा उतरला.

“चुकलं, आई. तुमच्या मनाले लागन म्हनून...”

“लागलंच मनाले,” मंदाबाई म्हणाल्या. “पन करंटापाशी लपवालपवी करू नाई, बाई. माही चूक असो का कोनाची, जशी हाये तशी सांगजो.”

आचलने मान हलवली. ओढणीची गाठ सोडून तिने ग्रिपा सासूपुढे धरल्या. ग्रिपा बसवण्याचा मान आजवर दुसऱ्या कोणाला मिळाला नव्हता.

“तूच लाव.”

आचलने एकेक ग्रिप बसवली, मेन चढवला, हिरवं बटण दाबलं. मोटर एका दमात फिरली. छतावरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मंदाबाईंची छाती अभिमानाने फुलली आणि त्यांनी तो लपवलाही नाही. फोन लावून चढ्या आवाजात सांगितलं, “धर्मेंद्र, कोनाले पाठवू नको. मेकॅनिक हाये आपल्या घरी!”

“कोन, बाबा?”

“तुही बायको!”

बंडूजींनी उठून सुनेला पाण्याचा गडू दिला. मंदाबाई बाजेवर टेकल्या. त्यांची बोटं सवयीने पदराच्या टोकाशी गेली. इतक्या वर्षांच्या गाठींनी ते टोक विरून मऊ झालं होतं. क्षणभर थांबून त्यांनी तो जळका तुकडा त्यात ठेवला आणि गाठ मारली.