बाजूची शिवण

गाडी घेतल्यापासून दुकानात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस सोफ्याचं राहू द्या, आधी एकच विचारतो, "काय मास्तर, कशी आहे गाडी?" म्हणून एकदाच सांगून टाकतो. सात माणसांची गाडी म्हणतात ना, ती खरी पाच माणसांची आणि वर दोन शिक्षा भोगणाऱ्यांची. तिसऱ्या रांगेत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. माझी आई एकदाच तिथे बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "याच्यापेक्षा तुझं बाळंतपण सोपं होतं रे." एसीची हवा मागपर्यंत पोचते, पण लांबच्या पाहुण्यासारखी, उशिरा येते आणि लवकर जाते. तिसरी रांग उघडी असली तर डिकीत एक छत्री मावते, मिटली तर अख्खा संसार. गल्लीत वळवताना घाम फुटतो, मोकळ्या रस्त्याला लागली की मात्र तक्रार नाही. उंच बसल्यामुळे पुढचं सगळं दिसतं आणि उगाच आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

एवढं सांगून मी म्हणायचो, "पण ते सोडा हो. आत बसून कव्हरं बघा."

कव्हरं माझ्या हातची. बापाच्या काळापासून आमचं कुशनचं काम. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकडी, काय म्हणाल ते. गाडीबरोबर शोरूमवाले कव्हरं देत होते. मी पुढच्या सीटच्या कव्हराची बाजू अंगठ्याने ताणून बघितली, तर शिवण टरकन उसवली. मी तिथेच हसलो. म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच. घरी आणून स्वतः शिवली. जाड रेक्झिन, नायलॉनचा दोरा, सगळीकडे डबल शिवण. सीटच्या बाजूला एक कापडी लेबल लोंबत होतं, तेही कात्रीने साफ केलं. लोंबतं काही मला खपत नाही. आमच्या दुकानात एक म्हण आहे, माझ्या बापाची: फोम बसेल, कापड विरेल, पण शिवण हलायची नाही.

लोकांनी बघितली आणि मागण्या यायला लागल्या. कुणाकुणाच्या गाड्यांना शिवून दिली. दरवेळी काम संपलं की माझी लेक म्हणायची, "ठेवा बाबा, शेवटचा हात मी मारते." मी ठेवायचो. पोरीला हौस आहे, मारू दे. नाव तिचं वेगळं, पण एका जागी बसत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. हात मात्र असा की माझा टाका कुठे संपला आणि तिचा कुठे सुरू झाला ते मलाही ओळखता यायचं नाही.

त्या भिंगरीने नोकरी धरली. कुठे, तर गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात, चार तासांच्या अंतरावर! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बापाचं चालतं दुकान सोडून त्या कच्च्या दोऱ्याच्या लोकांकडे चाललीस?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा नीट ऐकून तरी घ्या." मी ऐकलं नाही. चारचौघांत लाज नको म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं, पोर मावशीकडे राहायला जातेय.

जायच्या दिवशी मी घराबाहेर आलो नाही. तिसरी रांग मिटून त्यात तिचं सामान भरलं होतं. गाडी ती चालवणार, शेजारी तिची आई, परत येताना आई चालवत आणणार. घराच्याच पुढच्या खोलीत आमचं दुकान, तिथे मी मशीनवर बसून राहिलो, दोरा नसलेल्या मशीनवर. भिंगरी निरोप घ्यायला आत आली.

"बाबा, बेकरीवाल्या काकांची कव्हरं देऊ नका हं. शेवटचा हात राहिलाय. रविवारी मी येतेय, मग द्या."

"तुझ्यावाचून दुकान अडत नाही," मी म्हटलं. वर बघितलंसुद्धा नाही.

ती गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी दाराशी गेलो, पण तोवर ती कोपऱ्यावर वळली होती. मग रागाच्या भरात मी काय केलं असेल? बेकरीवाल्याला फोन केला, घेऊन जा म्हटलं. तो धावतच आला. दुपारी बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला निघायचं होतं त्याला, गाडी नटलेली हवी होती. मी माझ्या हाताने कव्हरं चढवून दिली आणि त्याच्याही सीटचं लेबल कापून टाकलं.

माझी आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून बटणांना कापड लावत होती. म्हणाली, "पोरीने सांगितलं होतं ना, देऊ नको म्हणून?"

"आई, तू बटणं लाव."

दुपारच्या आधी पाळणाघर चालवणाऱ्या बाई आल्या. त्यांची गाडी अगदी आमच्यासारखी, तिसऱ्या रांगेत पोरं भरून आणतात-सोडतात. शोरूमची कव्हरं काढून त्यांनी पिशवीत घालून आणली होती.

"दादा, पोरांनी चढता-उतरता लाथा मारून पुढच्या सीटांची बाजूची शिवण उसवली. तुमच्यासारखी पक्की करून द्या, एकदाची कटकट मिटेल."

"द्या इकडे," मी म्हटलं, "कच्चा माल आणि काय." त्यांना ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानेच बोललो. कव्हर उलटं केलं, शिवण कुठून धरायची ते बघायला लागलो, आणि हात थांबला.

बाकी शिवण उत्तम होती. खरंच सांगतो, खोट काढायला जागा नव्हती. डबल, सारख्या टाक्याची, टोकांना गाठी पक्क्या. फक्त बाजूला वीतभर जागेत दोरा बदललेला. बारीक, केसासारखा, एकेरी. मी दुसरं कव्हर काढलं. तिथेही बरोबर तीच जागा आणि तोच बारीक दोरा. आळशी माणूस कुठेही आळस करतो. दोन्ही कव्हरांवर एकाच जागी, मापून, दोरा बदलून कुणी आळस करत नाही. हे मुद्दाम केलेलं होतं.

"बाई, तुमची गाडी दाखवा जरा."

गाडी दारातच होती. पुढची सीट उघडीच होती, तिच्या बाजूला ते लेबल लोंबत होतं, मी कापलं होतं तसलंच. त्यावर लिहिलं होतं, एअरबॅग.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अहो, फुगा असतो ना तिथे. बाजूने कुणी धडकलं तर सीट फाडून बाहेर येतो आणि माणसाला वाचवतो. तुम्हाला माहीत असेलच, तुम्ही तर कव्हरं शिवता."

सीट फाडून बाहेर येतो! आणि मी तिथे नायलॉनची डबल शिवण घातली होती, जी दोन पैलवानांनी ओढली तरी फाटणार नाही. तसल्या एका सीटवर माझी लेक, दुसऱ्या सीटवर बायको, आणि रस्ता घाटाचा, समोरून ट्रकच ट्रक.

"बाई, तुम्ही निघा. कव्हरं राहू द्या. नाही, घेऊन जा. पण शिवू नका, कुणाकडून शिवून घेऊ नका." काय बोलत होतो मला कळत नव्हतं. त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघत बघत गेल्या.

भिंगरीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. मग बायकोला लावला, तर तो आतल्या खोलीत, चहाच्या कपाशेजारी वाजायला लागला. ही बाई जन्मात कधी फोन बरोबर नेणार नाही! तिसऱ्यांदा भिंगरीला लावला.

"अरे, ती उचलायची नाही," आई म्हणाली. "गाडी चालवताना फोन उचललास तर तंगडी तोडीन, असं तूच म्हणाला होतास तिला."

"मग काय करू?"

"वाजवू नको तेवढं. गाडीभर घणघणतो तो. तिचं लक्ष गेलं म्हणजे?"

मी फोन मशीनवर ठेवला, जसा काही तो फुटणार होता. खरंच की. मी इथून फोन करून करूनच तिला धडकवायचो. आईला सगळं सांगितलं. तिने बटणं खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "देवा."

मग बसलो. दुसरं काय करणार? वाटलं, दुकानाचा टेंपो काढावा आणि मागे सुटावं, पण तो खडखड्या त्यांना कुठे गाठणार. रस्त्यावर कुठे हॉर्न वाजला की मी उठून दाराशी जायचो. डोळ्यांपुढे तीच सीट यायची, माझ्या हातची, कुठे सुरकुती नाही, कुठे सैल नाही. आत फुगा फुगतोय आणि कव्हर त्याला सोडत नाहीये. मला माझ्या हातांची किळस आली. सकाळी त्या पोरीकडे एकदा वर बघितलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

"ती धडधाकट पोचणार आहे," आई म्हणाली. "तोंड असं सुतकी करू नको."

"तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही. पण असं म्हणायचं असतं."

फोन वाजला. भिंगरीचा होता. माझ्या हातातून निसटला, आईने उचलून दिला.

"बाबा, काय झालं? तीन-तीन फोन! आजी बरी आहे ना?"

"आधी सांग, गाडी उभी आहे का?"

"उभी आहे. आई चहा पितेय."

"मग ऐक. एखादं ब्लेड बघ. सीटच्या बाजूची शिवण काप. दोन्ही सीटांची. तिथे एअरबॅग आहे पोरी, मी शिवून टाकलीय, मला कळलंच नाही, मी..." दुकानात बसून मी चक्क रडायला लागलो.

ती हळूच म्हणाली, "बाबा, ती मी पहिल्याच आठवड्यात उसवली."

"काय?"

"वरून चार कच्चे टाके घातलेत, तुम्हाला दिसू नये म्हणून. बोटाने ओढलं तरी सुटतील. मी सांगायला आले होते तुम्हाला, आठवतंय? बाजूला बारीक दोरा घालू या म्हटलं, तर तुम्ही कात्री आपटलीत."

"आणि बाकीच्यांच्या गाड्या?"

"शेवटचा हात म्हणजे काय करत होते मी? सगळ्यांच्या उसवल्या."

माझ्या जीवात जीव आला. हसूही येईना, रडूही थांबेना. पोरीने माझं नाक राखलं होतं, माझ्याच नाकाखाली. तेवढ्यात तिचा आवाज बदलला.

"बाबा, बेकरीवाल्या काकांची दिली नाहीत ना?"

मी मशीनवर ब्लेड शोधायला लागलो.

"बाबा?"

मी ब्लेड उचललं आणि पळालो. फोन तसाच चालू हातात. बेकरी दोन गल्ल्या पलीकडे, पण या वयात दोन गल्ल्या म्हणजे काय ते मला विचारा. चप्पल वाटेत कुठेतरी गेली. वळलो तर समोर गाडी दारातून निघालेलीच. मागे तिसऱ्या रांगेतून पोरांचे पाय वर आलेले, पुढे बेकरीवाल्याची बायको तान्ह्याला मांडीवर घेऊन. मी दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभा राहिलो.

त्याने करकचून ब्रेक दाबला आणि डोकं बाहेर काढलं. "अहो मास्तर, मरायचंय का? काय विसरलात?"

"गाडी बंद कर. सगळे खाली उतरा. वहिनी, तुम्ही आधी उतरा."

"अहो, पण झालंय काय?"

"चूक झालीय. माझी. तुमची सीट मी चुकीची शिवलीय, वेळ आली तर त्यातला फुगा बाहेर येणार नाही." गल्ली जमा झाली होती. माझी हयात त्या गल्लीत दुसऱ्यांच्या शिवणीला हसण्यात गेलेली, पण मी ते मोठ्यानेच सांगितलं.

ते उतरले. मी सीटशी गुडघे टेकून बसलो आणि ब्लेड लावलं. उसवेना! ती शिवण कसली, माझीच. दोन टाके तुटले की पुढचे दोन घट्ट धरून बसायचे. बोट कापलं, रेक्झिनवर रक्त लागलं. बेकरीवाला म्हणाला, "राहू द्या मास्तर, परत आल्यावर करू." मी म्हटलं, "नाही." एक बाजू झाली, मग फिरून दुसरी केली. आत सीटचं खरं कापड दिसलं, आणि त्यावर कापलेल्या लेबलाचा तुकडा.

फोन कानाला लावला. भिंगरी अजून होती.

"उसवली दोन्ही. आता कच्चे टाके किती घालू? टाका किती लांब ठेवतेस तू?"

"घालू नका बाबा. चार टाके मी तुमच्या भीतीने घालायचे. खरं म्हणजे ती बाजू मोकळीच सोडायची असते."

"मोकळी?"

"हो. चांगलं नाही दिसणार. पण मोकळी सोडा."

मी ब्लेड खिशात टाकलं. कापलेल्या कडा तशाच लोंबत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं काम असं उघडं सोडून मी उठलो. बेकरीवाला ते बघून तोंड वाकडं करून म्हणाला, "मास्तर, हे असंच ठेवायचं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या मुलीने."

"ती तर मावशीकडे गेलीय ना?"

"नाही," मी म्हटलं. फोन अजून चालूच होता, ती ऐकत होती, ते मला माहीत होतं. "गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात लागलीय ती. तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं."